पंगतीतली सभा

अप्पांच्या दोन्ही पायांना नारू झाला ते साल आमच्या घरानं कसं काढलं, हे सांगायला बसलो की माझी मुलं म्हणतात, ऐकलंय, पुरे. ऐकलं असेल, पाहिलं नाही. नारू म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या पाण्यातून पोटात जाणारा आणि वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा किडा. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. घाईत तुटला तर पाय सडायचा. अप्पा ओसरीवर दोन काड्या सांभाळत बसलेले आणि रानात पेरणीचा वापसा निघून चाललेला. आमच्याकडं बाई तिफणीच्या मागं चालून बी सोडते, पण बैलांचा कासरा तिच्या हातात देत नाहीत. त्या साली आव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, कासरा धरला आणि बी मी सोडलं. शेजारच्या बांधावरून एकानं विचारलं, औंदा नवा कुणबी ठेवलाव का. आव्वा बैल हाकलत राहिली. घरी आल्यावर मात्र तिनं चूल पेटवायला बराच वेळ लावला. जोंधळ्याच्या कण्या, अंबाडीची भाजी, कारळाची चटणी, हेच वर्षभर. तूर आमच्याच रानात पिकायची, पण ती आळंदच्या बाजाराला जायची. वरण आम्ही सणाला खायचो, तेही वाटीचा तळ दिसंल इतकं पातळ.

अप्पा मला म्हणाले, "शिक बाबा, न्हाईतर तूबी असंच पायातनं सूत काढत बसशील." शिक म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आमच्या घरात अंगठा सोडून कुणी सही केलेली नव्हती. घरात मराठी, गल्लीत कानडी आणि शाळेत उर्दू, अशा तीन भाषांत मी पोरगा वाढत होतो. गावच्या मास्तरांनी चौथीनंतर माझं नाव गुलबर्ग्याच्या एका बोर्डिंगला कळवलं. तिथं गरिबांच्या आठ-दहा पोरांना फुकट ठेवून घेत. जाताना आव्वानं धडप्यात भाकरी बांधल्या आणि सांगितलं, कुणाचं ताट ओलांडू नको, कुणाच्या तोंडाला लागू नको, आणि परत येऊ नको. शेवटचं बोलताना ती रडत होती, पण बोलली ते मनापासून. परत येऊ नको, हे मी पुढं फार नेटानं पाळलं. किती नेटानं, तेच आज लिहायचं आहे.

बोर्डिंग चालवायचे एक वकीलसाहेब. उंच, सडपातळ, काळी शेरवानी, बोलणं शुद्ध. त्या काळी हैदराबाद संस्थानात चार माणसांनी जमून सभा घ्यायची तर आधी परवानगी लागायची, आणि ती मिळायची नाही. वकीलसाहेबांना तर पोरांना राज्य चालवायला शिकवायचं होतं. त्यांनी तोड काढली. ते म्हणाले, "मुलांनो, जेवायला परवानगी लागत नाही." म्हणून आमची सभा पंगतीत भरायची. साठ पोरांनी पंधरा सभासद निवडायचे, एक अध्यक्ष निवडायचा, आणि त्या सोळा जणांनी सकाळच्या पहिल्या पंगतीला बसायचं. पहिला घास घेतला की विषय निघायचे. आंघोळीचं पाणी कुणी शेंदायचं, कंदील किती वाजता मालवायचे, सुट्टीला कुणाला सोडायचं. बाहेरून कुणी डोकावलं तर पोरं जेवत असलेली दिसायची. आणि पंगतीची जी रीत घरोघर होती तीच सभेची रीत झाली. पंगतीतल्या थोरल्यानं ताटात हात धुतला की बाकीच्यांनी पुढचा घास घ्यायचा नाही, उठायचं. आमच्यात थोरला म्हणजे अध्यक्ष. त्यानं हात धुतला की सभा संपली.

वकीलसाहेबांच्या नियमात एक चूक राहून गेली होती. त्यांनी लिहिलं होतं की अध्यक्ष मॅट्रिक पास होऊन जाईपर्यंत अध्यक्ष राहील. त्यांच्या मनात हुशार पोरगा असणार, येईल आणि वर्षात पास होऊन जाईल. पोरांनी निवडला रंगराव. अफजलपूरकडच्या देशमुखांचा, अंगानं भरलेला, बोलायला गोड, गावाकडनं आलेले लाडू सगळ्यांना वाटणारा. रंगराव मॅट्रिकला तीनदा बसला आणि तीनदा नापास झाला. पोरं म्हणायची, सरकार दरसाली त्याला नापास करायलंय आणि आमी दरसाली त्याला पास करायलोय. पहिली दोन वर्षं हे हसण्यावारी गेलं. मग कुणाला सुट्टी द्यायची, फुकटातल्या कुणाला ठेवायचं, हे तो एकटाच ठरवू लागला. सभेत विषय निघाला की नुसती मान हलवायचा आणि करायचं ते करायचा.

मी फुकटातला. माझ्याकडं काम होतं कोठीचं, म्हणजे धान्याच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला आणि पहिल्या पंगतीला वाढायचं माझ्या हातात. सभेत माझं मत नव्हतं, पण सगळी सभा मी वाढता वाढता ऐकलेली आहे. स्वयंपाकीण तिम्मव्वा, कानडी बाई, आम्हा सगळ्यांना तम्मा म्हणायची, धाकटा भाऊ म्हणून. आणि सिद्राम. सिद्राम कोहिनूर गावचा, माझ्यासारखाच कुणब्याचा, माझ्यासारखाच फुकटातला. आम्ही दोघं एका कंदिलाखाली, एका पुस्तकावर अभ्यास करायचो. गणित तो मला शिकवायचा. त्याचं उर्दू अक्षर इतकं देखणं की मौलवीसाहेब त्याची वही वर्गात फिरवायचे आणि म्हणायचे, हे बघा, नांगर धरणाऱ्याचा हात. फुकटातला पोरगा सभासद कधी झाला नव्हता, सिद्राम झाला. त्या फाल्गुनात आमची दोघांची मॅट्रिकची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, आणि सिद्रामनं पंगतीत विषय काढला की अध्यक्ष दरसाली नवा निवडावा आणि तो सभेनं निवडावा.

रंगरावनं दुसऱ्या घासाला हात धुतला. सगळे उठले. दुसऱ्या दिवशी सिद्रामनं तोंड उघडलं की रंगरावचा हात ताटात. तिसऱ्या दिवशीही तेच. सात दिवस असं चाललं. सभासद भाकरीचा एक तुकडा मोडून उपाशी शाळेत जायला लागले. पंगतीची रीत मोडायची कुणाची छाती होईना, कारण ती रीत बोर्डिंगची नव्हती, प्रत्येकाच्या घरची होती. बापानं हात धुतल्यावर कोण जेवतो. पोरांना वाटायचं, रंगरावबी उपाशीच उठायलाय, दम निघंल त्याचा. तो उपाशी नव्हता. पंगतीच्या आधी तो कोठीत बसून गूळ-तूप-भाकरी पोटभर खाऊन यायचा. ताट मीच वाढायचो, दार लोटून घेऊन.

हे मी का केलं? रंगरावचा मामा हैदराबादेत मोठ्या हुद्द्यावर होता. मॅट्रिक झालो की मामाच्या घरी राहायचं, जेवायचं, कॉलेजात जायचं, असं रंगरावनं मला कबूल केलं होतं. मॅट्रिकच्या पुढं जायला मला दुसरी वाट नव्हती. ती वाट बंद झाली तर परत गावी, तिफणीमागं. कारण खरं आहे. त्यानं मी काही सुटत नाही, हेही मला कळतं.

आठव्या दिवशी वकीलसाहेब दाव्यासाठी हैदराबादला गेलेले, दोन दिवसांनी येणार होते. सिद्रामनं विषय काढला. रंगरावनं हात धुतला. पंगत उठायला लागली आणि सिद्राम बसूनच राहिला. भाकरी मोडली, भाजीत बुडवली, तोंडात घातली. मी वरणाचं भांडं घेऊन तिथंच थांबलो.

रंगराव म्हणाला, "सिद्राम, हात धुतलाय म्या."

"धुवा की," सिद्राम म्हणाला. "माझा अजून भरलेला हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. मग एकजण खाली बसला, मग दुसरा. पंधरांतले नऊ बसले आणि सात दिवसांची भूक असल्यागत जेवले. तिम्मव्वा चुलीपासून उठून आली आणि तिनंच त्यांना वाढलं, कारण माझे हात हलेनात. जेवता जेवता त्यांनी मत घेतलं, रंगराव आजपासून अध्यक्ष न्हाई, सिद्राम अध्यक्ष. रंगराव बाहेर गेला तो आपली दहा-बारा पोरं आणि सरपणातली लाकडं घेऊन आला. तोवर नवांनी जेवणघराचं मोठं दार आतून लावून घेतलं होतं. तिम्मव्वाला आणि मला त्यांनी आधीच बाहेर पाठवलं. कोठीतून जेवणघरात उघडणारं एक बुटकं दार होतं, त्याचीही आतली कडी घातली. आतून सिद्राम ओरडून म्हणाला की वकीलसाहेब येईपर्यंत सभा उठणार न्हाई. रंगराव बाहेरून म्हणाला, बसा मग, आणि मोठ्या दाराला बाहेरून कुलूप ठोकलं. एका बोर्डिंगात दोन अध्यक्ष झाले, एक कुलपाच्या आत, एक बाहेर.

आता या वयात पेपरात वाचतो, कुठल्या देशात अध्यक्षानं पार्लमेंटाभोवती फौज उभी केली, वीज तोडली, पाणी तोडलं. माझा नातू विचारतो, आजोबा, एकटा माणूस एवढं कसं करतो? एकटा करत नाही. त्याच्या जवळ कुणीतरी किल्लीवाला असतो, आणि त्या किल्लीवाल्याला कुठंतरी जायचं असतं. नातवाला मी एवढंच सांगतो की माणसं भेटतात.

गुलबर्ग्याचं फाल्गुनातलं ऊन ज्यानं सोसलंय त्याला सांगायला नको. जेवणघरावर पत्रे. आत एक रांजण होता, तो नऊ जणांनी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत संपवला. तिम्मव्वा खिडकीच्या गजांतून तांब्या आत देत होती, तो रंगरावनं तिच्या हातातून काढून घेतला आणि खिडकीशी दोन पोरं उभी केली. तिम्मव्वा अंगणात मधोमध बसली आणि कानडीत अशा शिव्या दिल्या की पहाऱ्यावरची पोरं मान खाली घालून हसायला लागली. मला बघून तिनं शिव्या थांबवल्या. म्हणाली, "तम्मा, तुझ्याकडं किल्ली हाय. नीर दे त्यांना. पाण्याला कुणी न्हाई म्हणत न्हाई." मी म्हणालो, दार आतून लावलंय आव्वा, मी काय करू. ते खरं होतं. माझं त्या दोन दिवसांतलं सगळंच बोलणं खरं होतं, हे पुढं ध्यानात ठेवा.

दुपारी रंगराव कोठीत आला, पोत्यावर बसला. तालमीतले चार पैलवान त्यानं बोलावून परसात बसवले होते. उद्या वकीलसाहेब येतील आणि जेवणघरात सिद्राम बसलेला बघतील, याची त्याला धास्ती होती. तो मला ओरडला नाही. म्हणाला, "काशा, तुझा आवाज सिद्राम ओळखतो. कडी काढ म्हण त्याला."

मी म्हणालो, काढणार न्हाई तो.

"पाणी आणलंय म्हण. मंग काढंल."

रंगरावनं खिशातून कागद काढला, मामाच्या नावाचं पत्र होतं, निम्मं लिहिलेलं. ते मांडीवर ठेवून म्हणाला, "हे पुरं करायचं का न्हाई, ते तूच सांग. मला कायबी घाई न्हाई."

मी कोपऱ्यातली मातीची घागर भरली. रंगराव म्हणाला, नीट भर, आवाज यायला पाहिजे. पैलवान भिंतीला चिकटून दाराच्या बाजूला उभे राहिले. मी बुटक्या दारावर बोटांनी वाजवलं. बाकीचे आठजण वाऱ्यासाठी पलीकडच्या खिडक्यांखाली पडलेले होते, हे मला नंतर कळलं. दाराशी सिद्राम एकटाच होता.

"कोण हाय?"

"मी. काशा."

"एकटा हायस?"

"व्हय. पाणी आणलंय." आणि मी घागर हलवली.

त्याची जीभ कोरडी पडलेली होती, ते बोलण्यातून कळत होतं. मग म्हणाला, "थांब गड्या. पोरांना सांगू नको कुणाला, मार खाशील फुकट." मी मार खाईन, याची त्याला काळजी होती. कडी निघाली. दार वीतभर उघडलं आणि घागर घ्यायला त्याचा उजवा हात बाहेर आला. पैलवानांनी दाराला खांदे लावले. एकानं काठी उगारली ती मनगटावर बसली. आवाज मी ऐकला, तो कसा होता ते लिहीत नाही. घागर माझ्या हातातून सुटून फुटली, आणि तहानलेली पोरं धावत आली ती त्या पाण्यावरून घसरून पडली. पैलवानांना त्यांना झोडपायला फार कष्ट पडले नाहीत. एकाचं डोकं फुटलं, दोघांचे दात गेले. मी कोठीतच उभा होतो. पळून गेलो असतो तरी बरं, असं आता वाटतं. मी उभा राहून सगळं पाहिलं आणि मधूनमधून आपण काही करत नाही आहोत, असं स्वतःला बजावत राहिलो.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब आले. सगळ्या पोरांना अंगणात उभं केलं. सिद्रामचा हात हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून गळ्यात बांधला होता, बोटं सुजून काळी पडली होती. वकीलसाहेबांनी रंगरावला फार विचारलं नाही, त्याचं त्यांना कळलंच होतं. त्यांना एकच गोष्ट उलगडत नव्हती, आणि ते वकील होते. मोठ्या दाराला कुलूप शाबूत. बुटकं दार न मोडता उघडलेलं. ते माझ्याकडं वळले, कारण कोठीची किल्ली माझ्याकडं होती.

"काशीनाथ, कडी कोणी काढली?"

मी म्हणालो, "आतून सिद्रामनं काढली, साहेब."

हे खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं. मी सिद्रामकडं बघितलं नाही. त्याच्या पायांकडं बघत होतो.

वकीलसाहेब म्हणाले, "सिद्राम, हे बरोबर आहे?"

"व्हय साहेब. मीच काढली."

"का काढलीस? एक दिवस राहिला होता."

अंगणात साठ पोरं होती आणि तिम्मव्वा चुलीशी उभी होती. त्यानं माझं नाव घेतलं असतं तर त्याच दिवशी माझी वळकटी रस्त्यावर पडली असती. सिद्राम म्हणाला, "तहान लागली होती साहेब."

एवढंच. वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर जी निराशा आली ती त्याच्यासाठी आली, आणि ती माझ्या वाट्याची होती. त्या आठ पोरांनी त्या दिवसापासून सिद्रामकडं पाठ फिरवली. पाण्याच्या घोटासाठी यानं सभा विकली, असं ती आपसात बोलायची आणि मी ऐकायचो. मी अभ्यास करत होतो.

वकीलसाहेबांनी अध्यक्षही मोडला आणि सभाही मोडली. म्हणाले, तुम्हाला उद्या मुलूख चालवायचा आहे आणि तुम्हाला एक पंगत चालवता आली नाही. पुढं जेवताना बोलायचं नाही, असा त्यांनी नियम केला आणि आम्ही मुकाट जेवायला लागलो. रंगरावला घरचे गाडी घेऊन न्यायला आले. जाताना तो माझ्या हातात पुरं केलेलं पत्र ठेवून गेला. त्यानं शब्द पाळला, हे मला लिहावंच लागेल. तिम्मव्वा मला वाढत राहिली, पण तम्मा म्हणणं तिनं सोडलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी सिद्राम कोहिनूरला परत गेला. मी तलावावर कपडे धुवायला गेलो होतो. मुद्दाम गेलो होतो.

मामाच्या घरी मी चार वर्षं जेवलो. तिथंही कोपऱ्यात बसून जेवलो, पण जेवलो. त्या वर्षांत संस्थानात काय काय झालं, कुणाची घरं जळाली, कोण सरहद्दीपार गेलं, मग एक दिवस ते राज्यच कसं गेलं, हे इतरांनी लिहिलं आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. त्या गडबडीत शूरपणा केलेल्या माणसांत माझं नाव सांगतात तेव्हा मी नको म्हणतो. लोकांना तो माझा विनय वाटतो.

सिद्राम मला नंतर एकदाच भेटला, आळंदच्या बाजारात, तुरीची गाडी घेऊन आलेला. मनगट बाहेरच्या बाजूला वळून जुळलं होतं. कासरा तो डाव्या हातात धरत होता. मी पुढं होऊन, सिद्राम, म्हणालो. त्यानं फेटा सारखा केला आणि नमस्कार घातला. म्हणाला, "काशीनाथराव, कधी आलाव?" पावसाचं विचारलं, माझ्या अप्पांच्या पायांचं विचारलं. मी त्याला काशा म्हण, असं सांगणार होतो. जेवणघराचंही काढणार होतो. अंगणात जे म्हणायला पाहिजे होतं ते आता म्हणावं, असं ठरवून मी तोंड उघडलं, आणि विचारलं की औंदा तूर कशी हाय.

"बरी हाय की," तो म्हणाला. "तुमी शिकलाव, लई बरं झालं. आमच्याकडल्या एकानं तरी शिकायला पाहिजे होतं." तो टोचून बोलत नव्हता. टोचून बोलला असता तर मी आज हे लिहिलं नसतं, फिटलं असं समजलो असतो.

आमच्या सात पिढ्यांत आणि आसपासच्या पाच गावांत बी.ए. झालेला पहिला माणूस मी. दुसऱ्या वर्गात पास झालो. पुढं एका शाळेचा मुख्याध्यापक झालो. माझ्या तिन्ही मुलांनी आणि दोन मुलींनी पदव्या घेतल्या. आव्वानं सांगितल्याप्रमाणं मी परत गेलो नाही. सिद्राम मॅट्रिकला बसला नाही.